रिपोर्टवरचं ‘इम्पेअर्ड’

रक्ताच्या रिपोर्टवर ‘इम्पेअर्ड फास्टिंग ग्लुकोज’ लिहिलेलं दिसलं की अनेकांना तो मधुमेहाचाच निकाल वाटतो. तसं नाही. साखर हाताळण्याची शरीराची ताकद घटली आहे, संपलेली नाही, इतकाच त्याचा अर्थ. लॅटिनमधल्या ‘पेजॉर’चा अर्थ ‘अधिक वाईट’. तिथून जुन्या फ्रेंचमार्गे ‘इम्पेअर’ हा शब्द इंग्रजीत आला. ‘रिपेअर’ त्याचं भावंड वाटतं, पण त्याचं मूळ वेगळं: ‘पारारे’, म्हणजे सज्ज करणे.

‘अधिक वाईट’ म्हटलं की कशापेक्षा, हे ठरवावंच लागतं. अमेरिकन डायबेटिस असोसिएशन २००३ पासून उपाशीपोटी दर डेसिलिटरमागे १०० ते १२५ मिलिग्रॅम साखरेला इम्पेअर्ड म्हणते. जागतिक आरोग्य संघटनेची रेषा ११० पासून सुरू होते. म्हणजे १०५ आलेला माणूस एकीकडे इम्पेअर्ड, दुसरीकडे नॉर्मल. म्हणून शेऱ्याआधी आकडा वाचावा.

‘इम्पेअर्ड ग्लुकोज टॉलरन्स’ हा वेगळा शेरा. ग्लुकोज प्यायल्यावर दोन तासांनी साखर १४० ते १९९ असेल तर तो मिळतो. ही चाचणी मात्र फार सहज बिघडते. आधीचे तीन दिवस रोज किमान १५० ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. भात-पोळी सोडून गेलेल्या माणसाची साखर उगाच चढलेली दिसते, कारण शरीराची ग्लुकोज हाताळायची सवय तात्पुरती मोडलेली असते. ग्लुकोज ७५ ग्रॅम हवं, पण ते निर्जल; पावडर मोनोहायड्रेट, म्हणजे पाण्याचा अंश धरून असलेली, असेल तर ८२.५ ग्रॅम. ते २५० ते ३०० मिलिलिटर पाण्यात विरघळवून पाच मिनिटांत संपवायचं, मग दोन तास बसून राहायचं. चालणं नको, विडी-सिगारेट नको.

खरी गफलत पुढे होते. नळीतल्या रक्तपेशी ग्लुकोज खातच राहतात, साधारण तासाला ५ ते ७ टक्के. ते थांबवायला करड्या टोपणाच्या नळीत फ्लोराइड असतं, पण त्याचाही पूर्ण परिणाम व्हायला वेळ लागतो. नमुना उन्हात, दुचाकीच्या डिकीत पडून राहिला तर इम्पेअर्ड माणूस कागदावर नॉर्मल होऊन येतो.

माणसांसाठी हा शब्द जपून वापरावा. साखरेबद्दल कुणाची तक्रार नसते. पण ‘हिअरिंग इम्पेअर्ड’ अनेक कर्णबधिरांना नकोसं वाटतं. सांकेतिक भाषेत वाढलेल्यांना आपल्यात काही बिघडलंय असं वाटत नाही. ते स्वतःला सरळ ‘डेफ’ म्हणवतात, आणि आपणही तेच म्हणावं.