पिकअप ट्रकला एक्झॉस्ट हेडर बसवणे

एक्झॉस्ट हेडर म्हणजे इंजिनाच्या प्रत्येक सिलिंडरमधला जळका वायू वेगळ्या नळीने बाहेर काढून पुढे एका सांध्यावर एकत्र आणणारी पोलादी नळ्यांची रचना. कारखान्यातून आलेले बिडाचे मॅनिफोल्ड, म्हणजे हेच काम करणारा एकसंध ओतीव भाग, काढून त्या जागी हेडर बसवतात. पेट्रोल व्ही-८ (व्ही आकारात दोन बाजूंना चार-चार सिलिंडर असलेल्या) इंजिनाच्या पिकअप ट्रकला हेडर बसवणे हा अमेरिकेतल्या हौशी मेकॅनिकांचा जुना उद्योग आहे. त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे दक्षिण कॅलिफोर्नियात कोरड्या तळ्यांच्या पात्रांवर जुन्या फोर्ड गाड्या पळवणाऱ्या तरुणांपर्यंत जाते. १९३२ साली आलेल्या फोर्ड व्ही-८ मध्ये धुराचा मार्ग थेट ब्लॉकमधून, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य ओतीव भागातून, जाई आणि एका बाजूच्या मधल्या दोन सिलिंडरांना मिळून एकच तोंड असे. तिथली कोंडी फोडण्याची धडपड पुढे हेडरच्या धंद्यात बदलली. या नोंदीत उदाहरण म्हणून १९९९ ते २००६ या काळातली शेव्हरोले सिल्व्हरॅडो आणि तिचे ५.३ लिटरचे व्ही-८ इंजिन घेतले आहे. ब्लॉक बिडाचा, हेड (सिलिंडरांवरची व्हॉल्व्ह असलेली झाकणे) अ‍ॅल्युमिनियमची, आणि अमेरिकेत जिकडे तिकडे दिसणारी गाडी.

कारखान्याच्या मॅनिफोल्डला नावे ठेवण्याची पद्धत आहे, ती पुरती न्याय्य नाही. बिडाचे मॅनिफोल्ड स्वस्त पडते, आवाज दाबते, वर्षानुवर्षे टिकते आणि उष्णता धरून ठेवत धुरातले विषारी वायू निवळणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला लवकर तापवते. त्याची उणीव एवढीच, की चार सिलिंडरांचा वायू आखूड अंतरात एकाच पोकळीत येतो आणि एकाचा झोत दुसऱ्याच्या वाटेत आडवा येतो.

हेडरचे काम नीट समजायचे तर ‘नळी जितकी मोठी तितकी ताकद जास्त’ ही समजूत आधी सोडावी लागते. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची एक लाट नळीतून धावते. गरम वायूत ती सेकंदाला साधारण ५०० ते ६०० मीटर वेगाने जाते. नळीचे टोक जिथे मोठ्या सांध्यात, म्हणजे कलेक्टरमध्ये, उघडते तिथून ती परत फिरते, मात्र परतताना दाबाच्या जागी ओढ घेऊन येते. ही ओढ व्हॉल्व्हपाशी नेमकी इनटेक (मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट असे दोन्ही व्हॉल्व्ह किंचित उघडे असताना पोहोचली, तर उरलासुरला धूर बाहेर खेचला जातो आणि त्याच्या मागोमाग ताजे मिश्रण आत येते. अवेळी पोहोचली तर फायदा मिळत नाही. लाट केव्हा परतेल हे नळीच्या लांबीवर ठरते आणि वायूचा वेग किती राहील हे तिच्या व्यासावर. म्हणून प्रत्येक हेडर इंजिनाच्या ठरावीक फेऱ्यांच्या पट्ट्यातच चांगले चालते.

ट्रकवाल्याने इथेच सावध राहावे. मागे ट्रेलर जोडून चढ चढणाऱ्याला ताकद मिनिटाला २,००० ते ३,५०० फेऱ्यांच्या दरम्यान हवी असते. ६,००० फेऱ्यांवरची ताकद त्याच्या कामाची नाही. एरवी न उघडलेल्या ५.३ लिटर इंजिनाला १ ५/८ इंच (सुमारे ४१ मिमी) किंवा फार तर पावणेदोन इंच (सुमारे ४४ मिमी) व्यासाच्या नळ्या पुरतात. शर्यतीच्या गाडीसाठी केलेल्या त्याहून जाड नळ्या लावल्या, तर खालच्या फेऱ्यांत वायूचा वेग पडतो आणि आवाज वाढूनही गाडीचा जोर कमी वाटतो.

व्ही-८ चा तो गडगडता आवाजही याच हिशेबातून येतो. या इंजिनाचा पेटण्याचा क्रम १-८-७-२-६-५-४-३ असा आहे. चालकाच्या बाजूला (अमेरिकेत डावीकडे) १, ३, ५, ७ हे सिलिंडर येतात. एकूण ठिणग्या इंजिनाचा मुख्य दांडा दर ९० अंश फिरला की समान अंतरावर पडतात, पण या एका बाजूचे झोत मोजले तर अंतरे १८०, २७०, १८० आणि ९० अंश अशी निघतात. ३ नंतर लगेच १ येतो. उजवीकडे २ आणि ६ असेच पाठोपाठ येतात. जवळजवळ आलेले हे दोन झोत एकमेकांना अडवू नयेत म्हणून प्रत्येकाला पुरेशी लांब वेगळी नळी देणे, हेच लांब हेडरचे खरे कारण आहे.

आखूड हेडर मूळ मॅनिफोल्डच्याच जागेत मावते आणि पुढची नळी व कन्व्हर्टर जिथल्या तिथे राहतात. बसवायला सोपे असले तरी ताकदीतला फरक थोडाच असतो. लांब हेडरच्या नळ्या बहुधा ७५ ते ९० सेंटिमीटर असतात आणि फरक खरोखर जाणवतो तो त्यांच्यामुळे. पण पुढचा सगळा वाय आकाराचा पाइप बदलावा लागतो. साधे पोलाद स्वस्त असते आणि गंजते, म्हणून त्यावर सिरॅमिकचा लेप देतात. ३०४ जातीचे स्टेनलेस पोलाद महाग, पण मीठ टाकलेल्या हिवाळी रस्त्यांच्या प्रदेशात तेच घ्यावे. साध्या पोलादावर कापडी पट्टी गुंडाळली तर पट्टीत ओल साचून नळी लवकर सडते.

प्रत्यक्ष कामात निम्मा दिवस हेडरवर नव्हे, जुन्या बोल्टांवर जातो. या इंजिनात एका बाजूला सहा बोल्ट असतात. बीड आणि अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर सारखे पसरत नाहीत. हजारो वेळा तापून निवताना टोकांचे बोल्ट कातरले जातात आणि त्यातही फायरवॉलजवळचा (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याजवळचा) मागचा बोल्ट बहुतेक वेळा आधीच तुटलेला सापडतो. गार इंजिन सुरू करताच टकटक ऐकू येऊन गाडी तापल्यावर ती थांबत असेल, तर हेच दुखणे समजावे. अनेकजण हेडरकडे वळतात ते ताकदीसाठी नव्हे, तर कसेही करून मॅनिफोल्ड उतरवायचेच आहे म्हणून. आदल्या दिवशी गंज सोडवणारे तेल मारून ठेवावे. बोल्ट हेडच्या बाहेर थोडासा जरी उरला असेल तर त्यावर नट वेल्ड करून पाना लावावा. वेल्डिंगच्या उष्णतेनेच तो सैल होतो. आतच तुटला असेल तर उलट्या फिरणाऱ्या ड्रिलने अगदी मध्य साधून भोक पाडावे लागते. मध्य चुकला की अ‍ॅल्युमिनियमचे आटे जातात, म्हणून इथे घाई करणाऱ्याला मी हे काम हाती देणार नाही.

बॅटरीची तार आधी काढावी आणि गाडी केवळ जॅकवर न ठेवता पक्क्या घोड्यांवर घ्यावी. चालकाच्या बाजूला लांब हेडर वर सरकवण्यासाठी स्टिअरिंगचा मधला दांडा बहुधा सोडवावा लागतो. तो सोडवण्यापूर्वी स्टिअरिंगचे चाक बांधून ठेवणे अत्यावश्यक आहे. ते मोकळे फिरले तर एअरबॅगची गुंडाळलेली तार आत तुटते. प्रवाशाच्या बाजूला स्टार्टर आणि गिअरबॉक्सच्या तेलाची काडी जाणारी नळी अडचण करते. हेडची सपाटी घासून स्वच्छ केल्यावर नवी गॅस्केट (सांधा घट्ट बंद करणारी चपटी पट्टी) लावावी. कागदी गॅस्केट जळते, अनेक पदरी पोलादी टिकते. सगळे बोल्ट आधी हातानेच धरवावेत, मग मधून बाहेरच्या दिशेने दोन फेऱ्यांत आवळावेत. मूळ मॅनिफोल्डसाठी हा टॉर्क पहिल्यांदा १५ आणि शेवटी २५ न्यूटन-मीटर आहे. हेडरवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर तो पाळावा. प्लगच्या वायरी आणि स्टार्टरची केबल नळीपासून दूर बांधावी. पहिल्यांदा इंजिन तापले की लेप आणि तेलाचा धूर निघतो, त्याने घाबरू नये. इंजिन पूर्ण निवल्यावर बोल्ट पुन्हा आवळावेत आणि पुढच्या काही दिवसांत आणखी एकदा.

सांध्यातली बारीक गळतीही अंगाशी येते. दोन झोतांच्या मधल्या क्षणी नळीत ओढ असते, तेव्हा बाहेरची हवा आत शिरते. धुरातला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरला मिश्रण पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेले, भासते आणि संगणक विनाकारण पेट्रोल वाढवतो. पंपावर खर्च वाढलेला दिसतो, कारण मात्र लक्षात येत नाही.

कायद्याचा भाग कडक आहे आणि असावाही. अमेरिकेच्या स्वच्छ हवा कायद्याखाली प्रदूषण-नियंत्रणाचे भाग काढणे वा निकामी करणे बेकायदा आहे. त्यामुळे कन्व्हर्टर काढणारे वा हलवणारे लांब हेडर सार्वजनिक रस्त्यावर चालत नाही, ‘फक्त शर्यतीसाठी’ असे खोक्यावर छापलेले असले तरी. कॅलिफोर्नियात हवा मंडळ तपासणीनंतर भागाला आदेश क्रमांक देते. तो नसेल तर स्मॉग (धूर-प्रदूषण) तपासणीत गाडी अडते. असे क्रमांक मिळालेली हेडर बहुतेक आखूडच असतात. कन्व्हर्टरमागचा सेन्सर संगणकातून बंद करून पी०४२० (कन्व्हर्टर नीट चालत नसल्याचा दोष-क्रमांक) हा दोष लपवणारेही आहेत. त्याने दिवा विझतो, धूर तेवढाच विषारी राहतो.

महाराष्ट्रात या बसवणीला फारसा अर्थ नाही. नारायणगावचा टोमॅटो वाशीला नेणारी बोलेरो पिकअप असो वा इसुझू व्ही-क्रॉस, इंजिन बहुधा टर्बो डिझेल असते. तिथे धुरातल्या उष्णतेवर आणि झोतावरच टर्बोचे चाक फिरते. लांब नळ्या जोडून ती उष्णता वाटेत घालवणे म्हणजे टर्बोच्या तोंडचा घास काढणे होय. शिवाय मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने अशा फेरफारांवर मर्यादा घातल्या आहेत आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर परवानगीबाहेरच्या प्रत्येक फेरफारासाठी मालकाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकते.