मोरीतली वाटी: खान्देशात तुंबलेल्या नाळीचा मागचा इतिहास

धाब्याच्या घरातली मोरी म्हणजे कोपऱ्यातली दगडी फरशी, तिला वीतभर कठडा आणि भिंतीतून बाहेर पडणारं एक भोक. पाणी त्या भोकातून गल्लीच्या उघड्या गटारीत, नाहीतर परसातल्या आळूत आणि केळीत जायचं. अडकलंच काही, तर आतून बांबूची कामटी सारायची आणि बाहेरून खराट्यानं ओढून घ्यायचं. दोन्ही टोकं हाताशी असल्यामुळे घरात वेगळं अवजार लागत नव्हतं. अडकायची ती बहुतेक चुलीची राख, कारण भांडी तिनंच घासली जात. गल्लीची गटार उपसणारे हात मात्र पिढ्यान्‌पिढ्या ठरावीक जातींचेच राहिले. सोय सगळ्यांची होती आणि घाण मोजक्यांच्या वाट्याला आली. हे सोडून या विषयाचा इतिहास सांगता येत नाही.

तिकडे लंडनमध्ये 1775 साली वाकड्या नळात पाणी अडवून दुर्गंधी थोपवण्याच्या रचनेला, म्हणजे आजच्या ट्रॅपला, पेटंट मिळालं होतं. तुंबलेली मोरी दाबून-ओढून मोकळी करायचा दांड्याचा रबरी पंप अमेरिकेत 1870च्या दशकातला. खान्देशात या दोन्ही गोष्टी घराघरात पोचल्या त्या स्लॅबच्या घरांसोबत. जळगावात 1980च्या सुमारास पीव्हीसी पाइपांचं उत्पादन सुरू झालं. पाइप हलका, स्वस्त आणि आतून गुळगुळीत होता. चिनी मातीचे नळ आणि बिडाचे पाइप मागे पडत गेले, मोरीची नाळी, म्हणजे सांडपाण्याची वाट, फरशीखाली गेली आणि तुंबलेली जागा डोळ्यांआड झाली.

त्याच काळात नाळीत जाणारा मालही बदलला. गॅस आला तशी राख संपली आणि घासणीसोबत साबणाची वडी आली. शेंगदाण्याचं तेल खान्देशातल्या थंडीत पातळच राहतं. पामतेल आणि वनस्पती तूप मात्र जानेवारीत पाइपातच थिजतं आणि शेवभाजीच्या पातेल्यातला मसाला त्याला चिकटून राहतो. न्हाणीघरात वेगळं घडतं. बोअरचं पाणी जड असेल तर त्यातलं कॅल्शियम अंगाच्या साबणाशी मिळून पांढरट साका धरतं आणि केस त्यात गुंततात.

आता वाटीचा वाद. न्हाणी ट्रॅपच्या एका जुन्या प्रकारात जाळीखाली उलटी वाटी असते. तिची कड साठलेल्या पाण्यात बुडालेली राहते, त्यामुळे पाणी खाली जातं आणि गटारीतली हवा व झुरळं वर येत नाहीत. पण या अरुंद वळणातच केस आणि गाळ अडकतो. म्हणून मोरी तुंबली की वाटी काढून ठेवायची, ही पद्धत रूढ झाली. कित्येक गवंडी ती बसवतानाच बाजूला ठेवत. घरात तसं सांगणारी वडीलधारी माणसंही असत: ‘पाणी भुर्रकन जातं ना, मग कशाला हवी ती?’

त्यांचं म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. नळाला रोज पाणी नाही, साठवलेलं बेतानं वापरायचं, म्हणजे ट्रॅप धुऊन निघेल एवढा जोर पाण्याला मिळत नाही. उन्हाळ्यात पारा पंचेचाळिशीला टेकला की कमी वापराच्या मोरीतलं पाणी आटून जातं. मग वाटी असूनही वास येतोच. तरीही वाटी काढणं हा चुकीचाच निर्णय होता. ती उचलून केस काढणं हे हाताचं काम आहे. ती नसली की तेच केस पुढच्या कोपऱ्यात जाऊन बसतात आणि तिथवर हात पोचत नाही. शिवाय आटलेल्या ट्रॅपला तांब्याभर पाणी पुरतं.

कोपऱ्यात अडकलेल्या केसांनी पुढे अ‍ॅसिडची बाटली घरात आणली. मोरी धुण्याचं अ‍ॅसिड केस किंवा तेल विरघळवत नाही, ते फरशी आणि सिमेंटचे सांधे खातं. कॉस्टिक सोडा दोन्हींवर चालतो, पण तो पाण्यात भयंकर तापतो, डोळे आणि कातडी भाजतो, आणि पाणी कमी पडलं तर पाइपातच त्याचा गोळा बसू शकतो. उकळतं पाणी ओतण्याचा सल्लाही बिडाच्या काळातला आहे. पीव्हीसी साधारण 60 अंशांपर्यंतच निर्धोक. 2013 मध्ये अ‍ॅसिडच्या खुल्या विक्रीवर निर्बंध आले. त्याच वर्षी हातानं मैला साफ करायला लावण्याविरुद्धचा, 1993च्या कायद्यापेक्षा व्यापक असा कायदा झाला.

यानंतर साधी अवजारं पुन्हा महत्त्वाची ठरली. रबरी पंप दुकानात नेहमीच मिळत होता, पण तो चालवण्याची रीत कमी जणांना ठाऊक होती. रबर पाण्याखाली बुडलं पाहिजे आणि जवळची दुसरी जाळी ओल्या फडक्यानं दाबून धरली पाहिजे, नाहीतर सगळा दाब तिकडून निघून जातो. दाबण्याइतकंच वर ओढणंही महत्त्वाचं. पंपानं न सुटणारे केस तारेची स्प्रिंग फिरवून ओढून काढता येतात, पण तिला शिरायला वाट लागते. ती वाट म्हणजे डोअर बेंड, झाकण उघडता येणारा कोपरा. घर बांधताना तो बसवला जातो आणि टाइल्स लावताना त्यावर फरशी चढते.

आता जळगाव-धुळ्यात भुयारी गटारीची कामं झाली आहेत आणि होत आहेत. उघड्या गटारीचा वास निदान मोकळ्या हवेत विरत होता. बंद जाळ्यातला वायू मात्र जोडलेल्या पाइपातून मिळेल त्या वाटेनं वर येतो, आणि ज्या मोऱ्यांतून वाट्या काढून टाकलेल्या आहेत तिथं त्याला अडवायला घराबाहेरच्या गल्ली ट्रॅपशिवाय, म्हणजे सांडपाणी गटारीला मिळण्याआधीच्या पाणी धरून ठेवणाऱ्या ट्रॅपशिवाय, काही उरत नाही.