भांगेचं वेषांतर

टी-शर्ट, की-चेन, मोबाइलची कव्हरं, सगळीकडे छापलेलं ते करवती कडांचं सात पात्यांचं पान ओळखायला वनस्पतिशास्त्र यावं लागत नाही. गोव्याच्या किनाऱ्यावरच्या दुकानांत तर ते ओळीने टांगलेलं असतं. पण जगात भांगेचे असेही काही वाण आहेत की ज्यांच्यावर हे पान शोधूनही सापडत नाही. झाड तेच, फुलोरा तोच. पान मात्र भलत्याच कुणाचं वाटावं असं.

खरं तर साध्या भांगेचंही पान एका रूपावर टिकत नाही. बी रुजलं की बीजपत्रांनंतर येणारी पहिली जोडी एकेकाच पात्याची असते. पुढची जोडी तीन पात्यांची, मग पाच, सात. जोमदार झाडावर नऊ किंवा अकरासुद्धा. फुलोरा जवळ आला की आकडा पुन्हा उतरत जातो आणि शेंड्याशी परत तीन किंवा एकच पातं उरतं. खालच्या पेरांवर पानं समोरासमोर येतात, वरच्या पेरांवर एकाआड एक. टी-शर्टवर असतं ते झाडाच्या मधल्या वयातलं पान, एवढंच.

विचित्र वाणांत सगळ्यात नावाजलेला म्हणजे ‘डक्सफूट’. नाव चपखल आहे. पान हातात धरलं तर पात्यांची टोकं वेगळी दिसतात, पण मधली जागा मोकळी नसते. बदकाच्या पायाला पडदा असावा तशी पाती एकमेकांना जोडलेली असतात. शिरा मात्र जुन्याच नकाशाने जातात. देठापाशी एका बिंदूतून निघून प्रत्येक शीर आपापल्या टोकाकडे धावते.

हे कसं होतं ते समजायला पान जन्मतं कसं ते बघावं लागतं. कोंबाच्या टोकाशी पान म्हणजे सुरुवातीला एक बारीकसा उंचवटा असतो. त्याच्या कडेला काही ठिकाणी वाढ मंदावते, काही ठिकाणी जोमाने चालू राहते. वाढ मंदावलेल्या जागा म्हणजे दोन पात्यांमधल्या सीमा. टोमॅटो आणि वाटाण्यात या सीमा आखणाऱ्या ‘कप-शेप्ड कॉटिलेडन’ गटातल्या जनुकांचा अभ्यास झालेला आहे. त्यांचं काम दाबून टाकलं की पाती जोडली जातात किंवा त्यांची संख्या घटते. संयुक्त पान आणि साधं पान यांतलं अंतर आपल्याला वाटतं तेवढं मोठं नाही.

वाण जोपासणारे सांगतात की डक्सफूटचा गुण अप्रभावी आहे. साध्या झाडाशी संकर केला की पहिल्या पिढीत सगळी पानं नेहमीसारखी, आणि त्या झाडांचा आपसांत संकर केला की दुसऱ्या पिढीत चौथा हिस्सा रोपांना पुन्हा जोडलेली पानं. मेंडेलच्या वाटाण्याचाच हिशोब.

‘ऑस्ट्रेलियन बास्टर्ड कॅनाबिस’ हा त्याहून चक्रम प्रकार. पानं छोटी, चकचकीत, कडेला दाते जवळजवळ नाहीतच, आणि वाढ झुडपासारखी. कुंपणाच्या कडेला उभं असलं तर कुणी दुसऱ्यांदा वळून बघणार नाही. कॅलिफोर्नियातल्या ‘फ्रीकशो’ची पाती उलट इतकी चिरलेली असतात की पान नेच्याचं वाटतं.

आता प्रश्न असा की अशी झाडं टिकली कशी? उत्परिवर्तनं सगळ्याच पिकांत होतात, आणि विचित्र रोप बहुधा उपटून फेकलं जातं. इथे उलट झालं, कारण लागवड चोरून करायची होती. जे झाड भांगेसारखं दिसत नाही, त्याचं बी राखून ठेवण्यात फायदा होता.

वनस्पतिशास्त्रात याची उलटी बाजू फार पूर्वीपासून माहीत आहे. भातखाचरात पाखडाच्या जातकुळीतलं एक तण हुबेहूब भातासारखं दिसतं. पिढ्यानपिढ्या बेणणी करणाऱ्या हातांनी वेगळं दिसणारं तण तेवढं उपटलं. भातासारखं दिसलं ते वाचलं. या प्रकाराला रशियन शास्त्रज्ञ निकोलाय वाविलोव यांचं नाव आहे. तिथे तण पिकाची नक्कल करतं, इथे पीक स्वतःचा चेहरा लपवतं. दोन्हीकडे निवड करणारी माणसाची नजरच, फक्त एक शेतकऱ्याची आणि दुसरी पोलिसाची.

योगायोग असा की वाविलोव यांना भांग चांगली ठाऊक होती. 1924 साली ते अफगाणिस्तानात गेले होते आणि तिथल्या रानटी भांगेचं वर्णन त्यांनी पुढे लिहून ठेवलं. (स्टालिनच्या राजवटीत त्यांना अटक झाली आणि 1943 मध्ये सारातोवच्या तुरुंगात ते वारले.) त्याच 1924 साली यानिशेव्स्की या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने बुटक्या, ओसाड जागी उगवणाऱ्या भांगेला ‘रुडेरॅलिस’ हे नाव दिलं. नेहमीची भांग रात्री मोठ्या होऊ लागल्या की फुलते. रुडेरॅलिस तेवढी वाट बघत नाही. ठरावीक वय झालं की दिवस कितीही मोठा असो, फुलते. आजचे ‘ऑटोफ्लॉवर’ वाण तिच्यापासून आले. बुटकं आणि लवकर उरकणारं झाड लपवायला सोपं, हे वेगळं सांगायला नको.

दुकानदारी नावांवर मात्र माझा विश्वास नाही. लामार्कने 1785 मध्ये ‘इंडिका’ हे नाव दिलं ते भारतातल्या, अरुंद पात्यांच्या भांगेला. आज परदेशी दुकानांत ‘इंडिका’ म्हणून विकतात ती रुंद पात्यांची, अफगाणी वळणाची.

काही विकृती कुणी मुद्दाम निवडलेल्या नसतात. कधी एका पेरावर दोनाऐवजी तीन पानं येतात. कधी पाती देठाला मिळतात नेमक्या त्या जागी फुलाचा कोंब फुटतो. कधी शेंड्याची वाढ आवरेनाशी होते आणि खोड पट्टीसारखं चपटं होतं. हे शेवटचं आपल्या परसातही असतं: कोंबड्याच्या फुलाचा तो मखमली तुरा म्हणजे असाच पसरलेला शेंडा. पांढरे पट्टे असलेली भांग दिसते देखणी, पण पांढऱ्या भागात हरितद्रव्य नसल्यामुळे झाड रडतखडत वाढतं. जांभळ्या भांगेचा मात्र उगाच बोलबाला आहे. तो रंग अँथोसायनिनचा, वांग्याच्या सालीत असतो त्याच गटातला. नशेशी त्याचा संबंध नाही. नशेचा मुख्य घटक टीएचसी मादी फुलाभोवतीच्या ग्रंथीयुक्त केसांत तयार होतो. त्यामुळे पान बदललं म्हणून रसायन बदलेलच असं नाही.

आणि पानाचा आकार सोडला तरी झाड ओळखू येतं. साध्या भांगेच्या पानाचा वरचा पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली धरला की अस्वलाच्या नखासारखे आखूड, वाकडे केस दिसतात. त्यांच्या फुगीर बुडाशी कॅल्शियम कार्बोनेटचा खडा असतो. सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला की त्यातून बुडबुडे निघतात. न्यायसहायक प्रयोगशाळेत वाळून चुरा झालेला, आकार पार हरवलेला माल येतो तेव्हा हे केस, राळेच्या ग्रंथी आणि रासायनिक चाचण्या यांवरच भिस्त असते.

आपल्याकडचा 1985 चा अमली पदार्थविरोधी कायदाही पानाच्या वाटेला जात नाही. त्याच्या व्याख्येत कॅनाबिस प्रजातीतली कोणतीही वनस्पती येते. पाती जोडलेली असोत, चिरलेली असोत की नसोतच, विनापरवाना गांजाच्या लागवडीला शिक्षा तीच: दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड.