पल्स रायफल आणि पुंगळीचा प्रश्न

१९८६च्या ‘एलियन्स’ चित्रपटात बाविसाव्या शतकातल्या मरीन सैनिकांच्या हाती ‘एम४१ए पल्स रायफल’ आहे. त्याआधी पडद्यावर भविष्यातलं शस्त्र म्हटलं की बहुधा किरण सोडणारं यंत्र दिसे. ही रायफल मात्र गोळ्याच झाडते: १० मिलिमीटरच्या, टोकाशी स्फोटक असलेल्या. नळीखाली ३० मिलिमीटरचा ग्रेनेड लाँचर आणि बाजूला उरलेल्या गोळ्या दाखवणारे लाल आकडे.

तिच्या मॅगझिनमध्ये ९९ गोळ्या मावतात, पण भरायच्या ९५च, म्हणजे ती अडकत नाही. मला या रायफलचा हाच तपशील सर्वांत मोलाचा वाटतो. व्हिएतनाम युद्धात एम१६ रायफल वापरणारे अमेरिकी सैनिकही २०च्या मॅगझिनमध्ये अनेकदा १८च गोळ्या भरत. चित्रपटातले मरीन त्या युद्धातल्या सैनिकांवरूनच बेतलेले होते. शस्त्र रोज वापरणाऱ्याला त्याच्या खोडी ठाऊक असतात, हे ज्याला कळतं त्यालाच असा आकडा सुचतो.

चित्रीकरणातली रायफल लंडनच्या ‘बॅप्टी’ या शस्त्रं पुरवणाऱ्या कंपनीत सायमन अ‍ॅथर्टन यांनी घडवली. कवचाच्या आत दुसऱ्या महायुद्धातली थॉम्पसन एम१ए१ सबमशीनगन होती आणि ग्रेनेड लाँचर म्हणून रेमिंग्टन ८७० ही शॉटगन बसवली होती. खऱ्या बंदुकीतून कोरी, म्हणजे गोळी नसलेली, काडतुसं उडवली की नळीच्या तोंडाशी ज्वाळा दिसते आणि बंदूक हातात खरोखर हादरते. नटाला तो हादरा अभिनयातून आणावा लागत नाही.

पण या रायफलची खरी पार्श्वभूमी तिच्या काल्पनिक काडतुसात आहे. ते बिनपुंगळीचं आहे.

नेहमीच्या काडतुसात दारू, तिला पेटवणारी टोपी आणि गोळी यांना पितळी पुंगळी एकत्र धरून ठेवते. ती काढून टाकली तर काडतूस हलकं होतं, सैनिक जास्त गोळ्या वाहू शकतो आणि रिकामी पुंगळी बाहेर फेकण्याची यंत्रणाही लागत नाही. १८४८ साली अमेरिकेत वॉल्टर हंट यांनी गोळीच्याच पोकळ बुडात दारू भरण्याचं पेटंट घेतलं होतं. त्या पोकळीत दारू फारच थोडी मावे, त्यामुळे गोळीला जोर नव्हता. पुढे धातूच्या पुंगळीने बाजी मारली.

हा विचार पुन्हा नेटाने हाती घेतला तो पश्चिम जर्मनीत, १९६०च्या दशकाच्या अखेरीस. हेक्लर अँड कॉख या शस्त्रकंपनीच्या जी११ रायफलमध्ये ४.७३ मिलिमीटरची गोळी दारूच्या घट्ट दाबलेल्या ठोकळ्यातच बसवलेली होती. मॅगझिन नळीच्या वर आडवं असे आणि त्यात काडतुसं खाली तोंड करून उभी असत. फिरतं चेंबर, म्हणजे काडतूस जिथे पेटतं तो कप्पा, काडतूस घेऊन पाव वळसा फिरे आणि नळीच्या रेषेत येई. तीन गोळ्यांची फैर इतक्या वेगाने सुटे की धक्का खांद्याला जाणवेपर्यंत तिसरी गोळी नळीबाहेर पडलेली असे.

अडचण आली उष्णतेची. पुंगळी बाहेर पडताना बरीच उष्णता सोबत घेऊन जाते आणि चेंबरच्या तापलेल्या भिंतीपासून दारूला वेगळं ठेवते. ती नसली की चाप न ओढताही काडतूस आपोआप पेटू शकतं. सुरुवातीच्या नमुन्यांत हे घडलं. मग डायनामिट नोबेल कंपनीने बरंच जास्त तापमान सोसणारी नवी दारू तयार केली. रायफल सैन्यात यायच्या बेतात असतानाच १९९० साली जर्मनी एक झाली. शीतयुद्ध ओसरत होतं आणि एकीकरणाचा खर्च समोर होता. शिवाय नाटोचं प्रमाण काडतूस ५.५६ मिलिमीटरचं, त्यात जी११चं कुठेच बसत नव्हतं. प्रकल्प गुंडाळला गेला. तंत्रज्ञान बरंचसं जमल्यानंतर हे व्हावं, याची मला आजही हळहळ वाटते.

त्याच सुमारास अमेरिकी लष्कराने एम१६ए२च्या दुप्पट अचूकतेच्या अपेक्षेने काही नव्या रायफली तपासल्या. जी११ त्यांतही होती. त्या अपेक्षेला एकही उतरली नाही. नंतरच्या अमेरिकी संशोधनात बिनपुंगळीचं काडतूस आणि प्लास्टिकच्या पुंगळीत गोळी पूर्ण बुडवलेलं काडतूस या दोन्हींवर काम झालं. त्यात प्लास्टिकचं पुढे गेलं.

एप्रिल २०२२मध्ये अमेरिकी लष्कराने सिग सॉअर कंपनीची ६.८ मिलिमीटरची रायफल निवडली. तिच्यासोबत घेतलेली दुर्बीण लेझरने अंतर मोजून नेम कुठे धरायचा ते दाखवते. काडतुसाला मात्र पुंगळी आहेच, आणि जास्त दाब सोसावा म्हणून तिच्या पितळी अंगाला पोलादी बूड जोडलेलं आहे.