कॉलेजचं लॉगिन: कोणाला मिळतं, कागद कोणते लागतात आणि लॉक झालं तर काय करायचं

आमच्या, म्हणजे कॉलेजच्या संगणक मदत कक्षाच्या काउंटरवर सगळ्यात जास्त गर्दी होते ती प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या दिवशी. फोन पडून स्क्रीन गेलेली असते, फोनवर येणारा लॉगिनचा कोड बघता येत नाही आणि लॉगिनशिवाय फाईल अपलोड होत नाही. समोरचा मुलगा रडकुंडीला आलेला असतो, आणि आम्ही त्याच्याकडे ओळखपत्र मागतो. आमचा राग येणं साहजिक आहे. ही वेळ येऊ नये यासाठीचं काम मात्र पहिल्या आठवड्यात दहा मिनिटांत उरकतं, म्हणून सगळं सुरुवातीपासून सांगतो. बारीक नियम कॉलेजागणिक बदलतात. मुख्य रीत बहुतेक ठिकाणी हीच असते.

खातं कोणाला मिळतं

नियमित विद्यार्थी, शिक्षक आणि कायम कर्मचारी यांना सहसा वेगळा अर्ज करावा लागत नाही. प्रवेश किंवा नेमणुकीच्या नोंदीत नाव चढलं की खातं तयार होतं, आपण ते फक्त सुरू करायचं. पाहुणे प्राध्यापक, कंत्राटी कर्मचारी, संशोधन सहाय्यक यांच्यासाठी मात्र विभागप्रमुखांच्या मंजुरीचा अर्ज लागतो आणि त्यावर मुदत लिहिलेली असते. ती तारीख आजच कॅलेंडरमध्ये टाका. मुदत संपली की खातं आपोआप बंद पडतं, आणि ते नेमकं गुण भरायच्या दिवसांत बंद पडलं तर धावपळ ठरलेली.

कागद फार नाहीत: कॉलेजचं ओळखपत्र, ते अजून हातात आलं नसेल तर प्रवेशाची पावती आणि सोबत एखादं सरकारी फोटो ओळखपत्र. प्रवेश अर्जात दिलेला मोबाईल नंबर चालू असायला हवा. पुष्कळांनी तिथे आईवडिलांचा नंबर दिलेला असतो आणि पडताळणीचा मेसेज भलत्याच फोनवर जातो. नंबर बदलायचा असेल किंवा नावाचं स्पेलिंग चुकलं असेल, तर अर्ज आमच्याकडे नाही, प्रवेश विभागाकडे करायचा. आमच्याकडे नाव तिथूनच येतं. आम्ही दुरुस्त केलं तरी पुढच्या वेळी नोंदी जुळवताना जुनी चूक परत येऊन बसते.

पहिल्या आठवड्यातली दहा मिनिटं

पासवर्डनंतर दुसरी पायरी येते ती ऑथेंटिकेटर ॲपची. बहुतेक ॲप दर ३० सेकंदांनी सहा आकडी कोड दाखवतात. त्याला इंटरनेट लागत नाही, कारण एक गुप्त किल्ली फोन आणि सर्व्हर दोघांकडे असते, आणि त्या किल्लीवरून व त्या क्षणाच्या वेळेवरून दोघंही तोच कोड काढतात. म्हणूनच फोनचं घड्याळ काही मिनिटं पुढेमागे झालं की बरोबर टाकलेला कोडही चुकीचा ठरतो. “कोड टाकतोय पण घेत नाही” असं कोणी म्हणालं की मी आधी तारीख-वेळेचं सेटिंग उघडायला सांगतो. वेळ ‘ऑटोमॅटिक’ केली की अनेकदा काम तिथेच संपतं.

याच वेळी दोन गोष्टी करून टाका. दुसरं एखादं उपकरणही नोंदवा, आणि बॅकअप कोड (फोन हाताशी नसताना लॉगिनसाठी वापरायचे कोड) मिळत असतील तर ते कागदावर लिहून घरी जपून ठेवा. त्यांचा स्क्रीनशॉट त्याच फोनमध्ये ठेवलात तर फोनबरोबर तोही जातो.

लॉक झालं तर

शक्यतो स्वतः या, मूळ ओळखपत्र घेऊन. मित्राला पाठवू नका, त्याच्या हाती आम्ही काहीही देणार नाही. बाहेरगावी असाल तर व्हिडिओ कॉलवर पडताळणीची सोय आहे का ते विचारा. ओळखपत्राचा फोटो कोणाच्या खाजगी नंबरवर पाठवू नका. पडताळणी झाली की तात्पुरता पासवर्ड मिळतो, तो लगेच बदलायचा.

इतकी कडक तपासणी का? कारण विद्यार्थी किंवा प्राध्यापक असल्याचं भासवून मदत कक्षालाच फोन करायचा आणि पासवर्ड बदलून घ्यायचा, ही चोरांची नेहमीची युक्ती आहे. आम्ही एकाची गयावया ऐकून नियम सोडला, तर उद्या तुमच्या नावाने कोणीतरी तशीच गयावया करेल. आणि आम्ही तुमचा पासवर्ड किंवा कोड कधीच विचारत नाही. विचारणारा आमचा माणूस नव्हे.

वायफाय

कॉलेजात एज्युरोम, म्हणजे जगभरच्या विद्यापीठांचं सामाईक वायफाय असेल, तर त्यासाठी वेगळा अर्ज लागत नाही. २००२ मध्ये युरोपात मांडलेल्या कल्पनेतून उभं राहिलेलं हे जाळं आज शंभरहून जास्त देशांत चालतं. पाहुणे म्हणून दुसऱ्या विद्यापीठात गेलात तरी पडताळणी आपलंच कॉलेज करतं. म्हणून युजरनेम पूर्ण टाकावं लागतं, ॲट चिन्हापुढच्या कॉलेजच्या पत्त्यासकट. प्रवासाला निघण्यापूर्वी आपल्याच कॅम्पसवर, कॉलेजने दिलेल्या इन्स्टॉलरने जोडणी करून घ्या. तो सर्व्हरचं प्रमाणपत्र, म्हणजे समोरचा सर्व्हर खरा असल्याची खूण, तपासण्याची सोय लावून देतो. ती नसेल तर त्याच नावाचं खोटं वायफाय लावून कोणी पासवर्ड पळवू शकतो.

जिथे उपकरणाचा मॅक पत्ता (नेटवर्कवर उपकरण ओळखण्याचा क्रमांक) नोंदवावा लागतो तिथे एक अडचण हमखास येते. ॲन्ड्रॉइड १० पासून आणि आयफोनवर २०२० पासून फोन खरा पत्ता लपवून बनावट पत्ता दाखवतात. तुम्ही नोंदवलेला पत्ता आणि नेटवर्कला दिसणारा पत्ता जुळत नाही. फक्त कॉलेजच्या नेटवर्कपुरतं हे सेटिंग बंद करा, बाकी ठिकाणी चालूच राहू द्या. लॅपटॉपवर विंडोज १० असेल तर त्याचं नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं आहे. जुनी प्रणाली कॉलेजच्या नेटवर्कवर चालते का, ते आधी विचारून घ्या.

चुकून फसव्या मेलमधली लिंक दाबली तर

ताबडतोब कळवा. पासवर्ड बदला, सगळीकडून लॉग आउट करा आणि मेलच्या सेटिंगमध्ये फॉरवर्डिंगचा अनोळखी नियम बसला आहे का ते पाहा. तो राहिला तर पासवर्ड बदलूनही तुमची पत्रं बाहेर जातच राहतात. फसवा मेल पुसू नका, अटॅचमेंट म्हणून पाठवा. किती वाजता दाबलं आणि काय काय टाइप केलं, तेही लिहा.

नेदरलँड्समधल्या मास्ट्रिख्ट विद्यापीठात ऑक्टोबर २०१९ मध्ये एका फसव्या मेलमधली लिंक उघडली गेली. चोर आत शिरले आणि २३ डिसेंबरला त्यांनी सर्व्हर कुलूपबंद केले. विद्यापीठाला ३० बिटकॉइन, म्हणजे तेव्हाचे सुमारे २ लाख युरो, मोजावे लागले. लिंक दाबणं आणि कुलूप लागणं यात दोन महिने गेले होते. कोणी वेळेत सांगितलं तर आम्हाला असाच वेळ हाती मिळतो. म्हणून सांगायला येणाऱ्यावर मी कधी आवाज चढवत नाही, आणि इतर कोणी चढवू नये असं मला मनापासून वाटतं.

कॉलेज सोडताना

खातं कधी बंद होणार ते निकालाआधीच विचारा. बँक, नोकरीचे अर्ज, शिष्यवृत्ती जिथे जिथे कॉलेजचा ईमेल दिला आहे, तिथे स्वतःचा पत्ता टाका आणि फाईली उतरवून घ्या. हा बदल खातं चालू असतानाच करायचा, कारण त्याची पडताळणीही बहुधा त्या जुन्याच पत्त्यावर येते.