नाकारलेली पगारवाढ आणि देवगडची पेटी

समोर १४ टक्क्यांहून जास्त पगारवाढ ठेवली आणि मत देणाऱ्या ९४ टक्के लोकांनी ती नाकारली. नोव्हेंबर २०२२ मध्ये युनायटेड एअरलाइन्सच्या वैमानिकांनी हा पराक्रम केला. तेव्हा आमच्या सोसायटीच्या बाकावर बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी लगेच निकाल देऊन टाकला : "माज आलाय. आता संप करतील, विमानं बंद पाडतील, आणि शेवटी आहे तेही जाईल." अकरा महिन्यांनी, सप्टेंबर २०२३ मध्ये, त्याच वैमानिकांनी दुसरा करार ९७ टक्के मतांनी मंजूर केला. चार वर्षांत मिळून ३४.५ ते ४०.२ टक्के वाढ, कोणतं विमान उडवता त्यावर अवलंबून. संपामुळे एकही विमान थांबलं नाही.

काकांची चूक अगदी नेहमीची आहे. "करार नाकारला म्हणजे संप" असं आपण धरून चालतो. अमेरिकेत तसं नाही. तिथे विमान कंपन्यांना १९२६ चा रेल्वे लेबर ॲक्ट लागू आहे (केला रेल्वेसाठी, १९३६ मध्ये विमानांनाही लावला). या कायद्याखाली जुना करार संपत नाही. मुदत उलटली की तो फक्त 'बदलण्याजोगा' होतो आणि नवा होईपर्यंत जुन्याच अटी चालू राहतात. संप करायचा तर आधी सरकारी मध्यस्थ मंडळाने हात टेकायला हवेत, मग ३० दिवस थांबायचं, आणि त्यानंतरही राष्ट्राध्यक्ष मध्ये पडू शकतात. फेब्रुवारी १९९७ मध्ये अमेरिकन एअरलाइन्सच्या वैमानिकांचा संप सुरू झाला आणि क्लिंटन यांनी काही मिनिटांतच तो थांबवला.

थोडक्यात, वैमानिकासमोर 'करार की संप' असा प्रश्न नसतो. 'आजचा करार, की जुन्या पगारावर आणखी काही महिने थांबणं' असा असतो. प्रश्न असा मांडला की तो चिडण्याचा उरत नाही, गणिताचा होतो. आणि हे गणित मला इतकं आवडतं की पुढचे काही परिच्छेद मी आवरतं घेणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

देवगडच्या बागायतदाराकडे हापूसची पेटी आहे. वाशीच्या व्यापाऱ्याकडे गिऱ्हाईक आहे. दोघांनी मिळून ती विकली तर १०० रुपये नफा, पण वाटा कसा करायचा हे ठरेपर्यंत पेटी हलणार नाही. आज व्यापारी भाव सांगतो. बागायतदार 'हो' म्हणाला तर व्यवहार झाला. 'नाही' म्हणाला तर उद्या भाव सांगायची पाळी त्याची. परवा पुन्हा व्यापारी. आंबा मात्र कुणासाठी थांबत नाही : रोज किंमत १० टक्क्यांनी उतरते. आजचे १०० उद्या ९०.

व्यापाऱ्याने किती मागावं? समजा, भाव सांगणाऱ्याला १०० पैकी 'क्ष' मिळतात. आज बागायतदार नाही म्हणाला तर उद्या भाव सांगणारा तो असेल आणि त्यालाही 'क्ष' मिळेल, पण उतरलेल्या पेटीतला, म्हणजे ०.९ क्ष. म्हणून आज त्याला ०.९ क्ष पेक्षा कमी देऊ केले तर तो नाही म्हणणार, आणि त्याहून जास्त द्यायची गरज नाही. तेव्हा क्ष = १०० − ०.९ क्ष. शाळेतलं समीकरण : क्ष = १०० ÷ १.९, म्हणजे ५२ रुपये ६३ पैसे. अनंत काळ चालू शकेल अशी घासाघीस एका ओळीत सुटली! एरियल रुबिनस्टाइन या इस्रायली अर्थशास्त्रज्ञाने हे १९८२ मध्ये मांडलं.

खरी गंमत पुढे आहे. दोघांचा धीर सारखा नसेल तर? बागायतदाराला बँकेचा हप्ता भरायचा आहे, त्याच्यासाठी उद्याचा रुपया आजच्या ८० पैशांचा. व्यापाऱ्यासाठी ९० पैशांचा. या ०.८ आणि ०.९ ला मी धीराचे आकडे म्हणतो. व्यापारी भाव सांगताना त्याला 'व', बागायतदार सांगताना त्याला 'ब' मिळतो असं धरा. व = १०० − ०.८ ब, आणि ब = १०० − ०.९ व. दुसरं पहिल्यात घातलं की ०.२८ व = २०, म्हणून व = ७१.४. बागायतदाराच्या पदरी २८.६ रुपये. आंबा तोच, गिऱ्हाईक तेच, फक्त एकाला घाई आहे. उलट बागायतदाराचा आकडा ०.९५ केला तर व्यापाऱ्याला ३४.५ आणि बागायतदाराला ६५.५. इथे कुणी आवाज चढवला नाही, कुणी टेबलावर मूठ आपटली नाही. वाटा ठरवला तो थांबण्याच्या ताकदीने. (ज्यांचा इथे धागा सुटला असेल त्यांनी एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.)

आता वैमानिक. बागायतदार एकटा होता, युनायटेडमध्ये ते काही हजार, आणि प्रत्येकाचा धीराचा आकडा वेगळा. मुख्य कारण वय. अमेरिकेत ६५ व्या वर्षी एअरलाइनच्या वैमानिकाला सक्तीने उतरावं लागतं (२००७ पर्यंत ही मर्यादा ६० होती). माझे आकडे घेऊन हिशेब करू : आजचा पगार वर्षाला १००. समोरच्या करारात १५ टक्के वाढ. नाकारला तर एक वर्ष जुन्याच पगारावर, त्यानंतर एक तर ३५ टक्के, नाही तर पुन्हा तेच १५.

६३ वर्षांच्या कॅप्टनकडे दोनच वर्षं आहेत. आज हो म्हणाला तर २३०. नाही म्हणाला तर या वर्षी १००, पुढच्या वर्षी १३५ किंवा ११५. मोठी वाढ मिळण्याची शक्यता ७५ टक्क्यांहून जास्त वाटली तरच त्याने नाही म्हणावं. पाच वर्षं उरलेल्याला ती १९ टक्के वाटली तरी भागतं. आणि नुकत्याच लागलेल्या, तीस वर्षं हातात असलेल्या फर्स्ट ऑफिसरला, म्हणजे सहवैमानिकाला? जेमतेम अडीच टक्क्यांच्या वर. करार दर चार-पाच वर्षांनी बदलतो, त्यामुळे हा शेवटचा आकडा जरा फुगलेला आहे, पण दिशा बरोबर आहे. एकच मसुदा, एकच मतपत्रिका, आणि शेजारशेजारच्या दोन खुर्च्यांवर बसलेल्या माणसांची उत्तरं वेगळी.

मग युनायटेडमध्ये ९४ टक्के कसे? म्हाताऱ्यांनीही नाहीच म्हटलं होतं. इथे आपलं पगाराचं गणित तोकडं पडतं. अमेरिकेत वैमानिकाचा पगार बहुतेक करून 'ब्लॉक टाइम'वर असतो : विमान गेटवरून हललं की घड्याळ सुरू, दुसऱ्या गेटला लागलं की बंद. धुक्यामुळे चार तास टर्मिनलवर बसून काढले, त्याचे सहसा काही नाहीत. ऐन वेळी फेरी बदलली, घरी जायच्या दिवशी दुसऱ्याच गावच्या हॉटेलात मुक्काम पडला, 'रिझर्व्ह'वर (बोलावलं की हजर व्हायच्या पाळीवर) असताना पहाटे फोन वाजला : या सगळ्याचे नियम त्या काही शे पानांच्या मसुद्यात असतात. कॅप्टन हॉटेलच्या खोलीत लॅपटॉप उघडतो तेव्हा पगाराचं कोष्टक दोन मिनिटांत बघून होतं, उरलेली रात्र या पानांवर जाते. युनायटेडच्या पहिल्या मसुद्यावरचा राग बराचसा इथला होता. ६३ वर्षांच्या माणसालाही आज रात्रीची झोप आजच हवी असते.

आणखी एक अडचण. रुबिनस्टाइनचं गणित सांगतं की पहिल्याच दिवशी व्यवहार व्हायला हवा, कारण नकारात दोघांचाही आंबा सडतो. नकार मुळात येतो तो माहितीच्या अभावी. कंपनीला वैमानिकांच्या धीराचा खरा आकडा माहीत नसतो. त्यात वाटाघाटीला बसतात संघटनेचे मोजके प्रतिनिधी आणि मत देतात हजारो. प्रतिनिधींनी आणलेल्या मसुद्याला वैमानिक 'टीए' म्हणतात, टेंटेटिव्ह ॲग्रीमेंट, म्हणजे मतदानाआधीचा तात्पुरता करार. आपल्या कचेऱ्यांतल्या प्रवासभत्त्याशी संबंध नाही. सभासदांनी टीए फेकून देणं हाही कंपनीला निरोपच असतो. संपाला परवानगी द्यायचं मतदान होतं, त्यात ९९ टक्के 'हो' निघतात, पण त्या निरोपाला किंमत फारशी नाही, कारण तसं मत द्यायला पदरचं काही लागत नाही. हातात आलेली वाढ परत करायला लागतं.

इथे मला एक भाबडेपणाही ठेचायचाय. "पहिला करार नाकारा, दुसरा हमखास चांगला येतो" असं युनायटेडचं उदाहरण देऊन सांगणारे लोक आहेत. हे धोंडी धोंडी पाणी दे म्हटलं आणि पाऊस आला, यातलंच झालं. मधल्या काळात, मार्च २०२३ मध्ये, डेल्टा एअरलाइन्सच्या वैमानिकांनी चार वर्षांत ३४ टक्के वाढीचा करार ७८ टक्क्यांनी मंजूर केला होता. सगळा बाजारच वर गेला होता. कोविडमध्ये कंपन्यांनी हजारो अनुभवी वैमानिकांना पैसे देऊन लवकर घरी पाठवलं आणि प्रवासी परतल्यावर तेच कमी पडले. श्रेय नकाराला किती, टंचाईला किती, हे वेगळं काढता येत नाही.

नकार अंगावर आल्याचं उदाहरण हवं असेल तर २०१२ बघा. अमेरिकन एअरलाइन्स दिवाळखोरीच्या कोर्टात होती. ऑगस्टमध्ये वैमानिकांनी ६१ टक्क्यांनी प्रस्ताव नाकारला. सप्टेंबरमध्ये न्यायाधीशांनी कंपनीला जुना करारच मोडायची मुभा दिली. 'नाही म्हटलं तरी जुन्या अटी राहतात' ही पायाखालची फळीच निघून गेली. डिसेंबरमध्ये त्याच वैमानिकांनी ७४ टक्क्यांनी नवा करार मान्य केला. व्यवस्थापनाच्या कार्यशाळांत 'गेम थिअरी'ची (वरच्या घासाघिशीसारख्या डावपेचांच्या गणिताची) सूत्रं वाटणाऱ्या मंडळींनी हे जरूर वाचावं. खुद्द रुबिनस्टाइनही जाहीरपणे सांगत आलेत की या शास्त्राकडून व्यवहारात थेट उपयोगाची अपेक्षा धरू नका.

अकरा वर्षांनी त्याच कंपनीत उलटं झालं. २०२३ च्या जुलैमध्ये अमेरिकनच्या वैमानिकांचं मतदान तोंडावर होतं आणि नेमका तेव्हाच युनायटेडचा नवा, जास्त पैशांचा मसुदा जाहीर झाला. कुणी 'नाही' म्हणायच्या आतच कंपनीने आपल्या प्रस्तावात एक अब्ज डॉलरहून जास्त भर घातली. डेल्टावाल्यांनी तर आपल्या करारात आधीच लिहून घेतलं होतं की आमचा दर या दोन कंपन्यांपेक्षा किमान १ टक्का वर राहील, म्हणजे शेजाऱ्याने ताणलं की यांचंही आपोआप वाढणार. ऑगस्टमध्ये अमेरिकनचा निकाल लागला. चार वर्षांत, निवृत्तीनिधीतला वाटा धरून, ४६ टक्क्यांहून जास्त वाढ. सुमारे ७३ टक्के हो म्हणाले. उरलेले २७ टक्के तेव्हाही थांबायला तयार होते.