आजीबाई पाटी हातात घेतात तेव्हा

ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. ८ मार्च २०१६ रोजी तिथे ‘आजीबाईंची शाळा’ सुरू झाली. साठी उलटलेल्या बायका गुलाबी लुगडं नेसून, दप्तर घेऊन ग म भ न गिरवू लागल्या. कौतुक खूप झालं, पण त्यात ‘या वयात हौस बघा!’ असा सूरही होता. मेंदूच्या बाजूने पाहिलं तर तो सूर जरा अन्यायकारकच आहे.

घ आणि ध घ्या. किंवा म आणि भ. आपल्याला ही अक्षरं सारखी वाटतही नाहीत. पहिल्यांदा पाटीसमोर बसलेल्या माणसाला मात्र ती जुळी भावंडं दिसतात. फरक एवढाच, की ध आणि भ यांच्या डोक्यावरची रेघ डावीकडे तुटते आणि तिथे छोटीशी गाठ येते. एरवी डोळ्यांना असल्या बारकाव्यांकडे काणाडोळा करायची सवय असते. मांजर डावीकडे तोंड करून बसलं काय नि उजवीकडे, मांजर ते मांजरच. अक्षरांच्या बाबतीत ही सवय मोडावी लागते. नवशिक्याला आधी थकवा येतो तो इथे.

ही सवय मोडताना मेंदूत काय होतं, याचा एक अभ्यास आपल्याच लिपीवर झालेला आहे. लखनौजवळच्या खेड्यांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक तिशीच्या आसपासच्या बायका, सहा महिने हिंदी लिहा-वाचायला शिकवलं आणि आधी-नंतर त्यांच्या मेंदूचं स्कॅनिंग केलं. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष अनपेक्षित होते. बदल फक्त मेंदूच्या बाह्य आवरणात नव्हता, तर खोलवरच्या थॅलॅमस आणि मेंदूस्तंभापर्यंत पोचला होता. उत्क्रांतीच्या हिशेबात हे फार जुने भाग. नजर कुठे वळवायची, काय टिपायचं हे ठरवण्यात त्यांचा हात असतो. शिकणाऱ्यांमध्ये हे भाग आणि दृष्टीचं केंद्र यांची लय जुळू लागली होती. ज्यांची लय जास्त जुळली, त्यांचं वाचनही जास्त बरं होतं.

मग हा बदल नेमका कधी होतो? प्रावीण्य आल्यावर, असं आपण गृहीत धरतो. जर्मनीतल्या संशोधकांनी तीन चेंडू आळीपाळीने उडवून झेलायला शिकणाऱ्यांचे मेंदू तपासले. २००४च्या प्रयोगात तीन महिन्यांच्या सरावानंतर, हलत्या वस्तूंचा माग ठेवणाऱ्या भागात करडं द्रव्य, म्हणजे चेतापेशींची दाटी असलेला मेंदूचा थर, वाढलेलं दिसलं. (वाढ म्हणजे नव्या चेतापेशीच, असं मात्र नाही, स्कॅनवरून तेवढं सांगता येत नाही.) सराव सोडल्यावर ती बरीचशी ओसरली. २००८मध्ये अशाच प्रयोगात ती वाढ सात दिवसांतच दिसली, म्हणजे चेंडू हातातून सटकत असण्याच्या काळात. जमलेली गोष्ट घोटत राहण्यापेक्षा नवी गोष्ट शिकायला घेणं मेंदूच्या रचनेला जास्त हलवतं, असा निष्कर्ष त्यांनी काढला. आणि वयाचं म्हणाल, तर साठीच्या लोकांवरही त्याच सुमारास हाच प्रयोग झाला. चेंडू त्यांना तरुणांइतके सफाईने झेलता आले नाहीत, पण करड्या द्रव्यातली वाढ त्यांच्याही मेंदूत दिसली.